खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का?

नमस्कार मंडळी. आज विषय आहे वय वाढताना तब्येत कशी सांभाळायची, त्यात रोजच्या सवयी किती कामाच्या आणि मालिश, ॲक्युपंक्चर, ध्यान, काढे या जोडीच्या उपचारांचा उपयोग किती. पण आधी मला तुम्हाला माझ्या आत्याची गोष्ट सांगायचीय, कारण हे सगळं मी तिच्याकडूनच शिकले.

आत्या तेव्हा ७९ वर्षांची, आमच्याकडेच राहायची. एका दुपारी घरात कोणी नव्हतं, चष्म्याचं घर पलंगाखाली गेलं म्हणून ती खाली बसली, ते काढलं आणि उठायला गेली तर उठताच येईना. पडली नव्हती, कुठे लागलं नव्हतं, हाड मोडलं नव्हतं, फक्त उठता येत नव्हतं. अडीच तासांनी मी आले तर पलंगाच्या पायाला टेकून बसलेली, चष्म्याचं घर हातात घट्ट धरलेलं, आणि म्हणाली, "लागलं काही नाही गं, पायच माझे राहिले नाहीत." मला त्या वाक्याने जे झालं ते आजही आठवतं.

खरं सांगते, चूक आमची होती. तिने उठायच्या आधीच पाणी हातात, चष्मा हातात, रिमोट हातात. "आत्या तू बस, मी आणते." प्रेमापोटीच करत होतो, पण दहा वर्षं तिला बसवून ठेवलं आम्ही. आणि ते खोल, मऊ सोफे! माझं तर स्पष्ट मत आहे, ज्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्या घरात असा सोफा नकोच, ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची हवी. असो.

मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. ती पहिल्यांदा आली तेव्हा रिपोर्ट वगैरे बाजूला ठेवून म्हणाली, "आजी, हात छातीशी घ्या आणि खुर्चीतून उठून दाखवा." जमलं नाही. तर तिने बसायच्या जागी दोन जाड उशा ठेवल्या, उंची वाढली, आणि आत्या उठली! तीन वेळा उठली, मांड्या थरथरत होत्या. झाला पहिला दिवस. खुर्ची भिंतीला टेकवलेली, मी शेजारी उभी, आणि आकडे मोठ्याने म्हणायचे, कारण जोर लावताना आपण श्वास रोखतो आणि त्याने बीपी चढतं, मोठ्याने मोजलं की श्वास सुरू राहतो. हे लक्षात ठेवा, मोठ्याने मोजायचं. काही आठवड्यांनी एक उशी गेली, मग दुसरी गेली, आणि तीन महिन्यांनी ३० सेकंदांत ११ वेळा, हात न टेकता.

त्याच्या जोडीला जमिनीवरून उठायचं तंत्रही शिकवलं तिने. आधी कुशीवर वळायचं, मग हातागुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात खुर्चीवर, बळकट पाय पुढे, आणि मग उठून वळून बसायचं. घाई अजिबात नाही. एक दिवस आत्याने मला हाक मारली, "इकडे ये, नुसतं बघ, हात लावू नकोस." पलंगाशेजारी त्याच जागी ती खाली बसली, आडवी झाली, कुशीवर वळली आणि उठून उभी राहिली. मी रडले, ती नाही रडली, ती म्हणाली आता मला घरी एकटी सोडून जात जा.

हे एकट्या आत्याचं नशीब नाही बरं का. १९९० साली अमेरिकेत बोस्टनला ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, नऊ जणांनी तो पूर्ण केला, आणि ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! म्हणून चालणं चांगलंच आहे, पण नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि ६५ नंतर तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. तोल आणि ताकद, परत सांगते, तोल आणि ताकद. आणि जेवणात प्रोटीन हवंच, त्याशिवाय स्नायू बनणार कशातून?

आता जोडीचे उपचार. ताई ची म्हणजे ती सावकाश हालचालींची चिनी पद्धत, त्यात वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं असतं, तिने पडण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतं असं दिसलंय. योगासनं खुर्चीवर बसूनही होतात. मालिश, ॲक्युपंक्चर यांनी दुखणं काही काळ हलकं होतं, आणि त्या मुलीने आत्याला फार छान सांगितलं होतं, गुडघा हलका असतो त्या तासाभरातच व्यायाम उरकून घ्यायचा. झोपण्याआधी ध्यान, दीर्घ श्वास, जरूर करा.

पण गोळ्या आणि अर्क यांच्या बाबतीत सावध. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे असं नाही. गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काने स्मरणशक्ती टिकते म्हणतात, पण ७५ च्या पुढच्या तीन हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला, २००८ ला निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, टळला नाही. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर गिंको किंवा लसणाचा अर्क घेतला तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि उदासीवर घेतात त्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने कितीतरी औषधांचा असर कमी होतो. आत्याच्या दंडावर निळे डाग यायचे, आम्ही म्हणायचो वयामुळे असेल, शेवटी सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवल्या तेव्हा त्यांनी दोन बाजूला काढल्या. त्या बाटल्यांवरची अक्षरं मला भिंगाशिवाय वाचता आली नव्हती, आणि घेणारी माणसं सत्तर-ऐंशीची, याचा मला खरंच राग येतो.

तर तुम्हीही पिशवी भरा, तेल, चूर्ण, अर्क, गोळ्या, सगळं. नावं मोठ्या अक्षरात कागदावर लिहा, त्याच्या दोन प्रती करा, एक डॉक्टरांकडे न्यायच्या फाईलमध्ये आणि एक फोनच्या शेजारी, कोणालाही सापडेल अशी.