काळ्यावर पिवळा

(पडद्यावर फक्त एक हात. आवाज: खड्, खड्, खड्.)

हा आवाज मार्करच्या पोटातल्या गोळीचा. पेंट मार्करमधला रंग पातळ असतो आणि त्यातलं रंगद्रव्य पडून पडून तळाशी बसतं. म्हणून टोपण घट्ट लावायचं आणि आधी हलवायचं. नव्या मार्करचं टोक कोरं असतं. ते रद्दी कागदावर दाबत राहिलं, की आतली झडप उघडते आणि रंग हळूहळू टोकात उतरतो. रद्दी कागदावरच हं! चित्रावर दाबलंत तर थेंब नाही, डबकं पडेल.

शाळेतलं स्केच पेन आठवतंय? पिवळ्यावर निळं फिरवलं की हिरवं व्हायचं, आणि काळ्यावर काही म्हणजे काही उमटायचं नाही. ती शाई कागदात मुरते. पेंट मार्करचा रंग कागदावर बसतो आणि खालचं झाकतो. जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने १९८३ मध्ये 'पोस्का' हा असा, पाण्यात कालवलेल्या रंगाचा मार्कर आणला. नाव पोस्टर कलरवरूनच. (मोटारीवाल्या मित्सुबिशीशी या कंपनीचं काही नातं नाही, चिन्ह मात्र तेच तीन हिऱ्यांचं.)

(वहीचा खाकी पुठ्ठा टेबलावर येतो.)

चोवीस रंगांचा संच घेण्याची घाई नको. काळा, पांढरा, पिवळा, लाल, निळा, एवढे पुरे. पांढरा सगळ्यांत आधी संपतो, तो दोन घ्या. टोक मधल्या जाडीचं, साधारण दोन मिलिमीटरचं. कागद पातळ असेल तर ओला होऊन सुरकुततो, म्हणून हा जुन्या वहीचा पुठ्ठा.

काढायची आहे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. पेन्सिलीने हलका आकार, मग छपरासकट सगळी गाडी काळी. शहाणा माणूस छपराची जागा सोडून रंगवेल. आपण मुद्दाम सोडत नाही, कारण या मार्करचा स्वभाव इथेच कळतो.

आता थांबा. बोटाला रंग लागत नाही तोवर थांबा. ओल्या थरावर दुसरा थर घासला, की खालचा उखडतो, कागदाचा भुसा निघतो आणि पिवळ्या मार्करचं टोक काळं होतं. झालंच तसं, तर टोक रद्दीवर गिरवत राहायचं, पुन्हा पिवळं उमटेपर्यंत.

(छपरावर पिवळा फिरतो. रंग शेवाळी दिसतो.)

फसलं? नाही. पिवळा मुळातच दुबळा, काळ्यापुढे त्याचं चालत नाही. त्याच्या खाली पांढऱ्याचा थर हवा. पांढरा द्या, वाळू द्या, मग पुन्हा पिवळा.

(छप्पर झळकतं.)

गडदावर फिकं चढवण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पालघरच्या वारली घरांत भिंत गेरूने सारवून घेतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं बांबूच्या काडीने उतरतं.

आता बारीक टोक घ्या. चाकांच्या कडा, दाराची मूठ. काचेवर एक तिरकी पांढरी रेघ. दोन काढल्या तर काच तडकल्यासारखी दिसते. मागचा दिवा लाल. पुढच्या दिव्यात पांढरा ठिपका, टेकवून लगेच उचललेला.

(टोपण लागल्याचा 'टक्' आवाज. सगळे मार्कर डब्यात आडवे ठेवले जातात. टॅक्सी अजून ओली आहे.)