ताकद साच्यात ठरते

(दृश्य : कोयलीच्या रिफायनरीची धुरांडी, मग दांडिया बाजारातली वर्दळ)

पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ, शिकायचे तर बडोद्यासारखं गाव नाही. जवळच्या कोयलीची रिफायनरी १९६५ पासूनची. इंडियन पेट्रोकेमिकल्स ही सरकारी कंपनी १९६९ मध्ये इथे निघाली. खनिज तेलातून निघणारा नाफ्था तोडायचा, निघालेल्या प्रोपिलीनचे रेणू साखळीत जोडायचे, की झाला पॉलिप्रोपिलीनचा पांढरा दाणा. आणि गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन. रंगाईसारखा विषय तिथे शिकवला जाई. रसायनशास्त्र आणि हातातलं काम एकाच छपराखाली, ही दृष्टी या विषयाला आजही हवी आहे.

(दृश्य : इंजेक्शन मोल्डिंग मशीन, हॉपरमध्ये पडणारा दाणा)

पॉलिप्रोपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, पण मशीनचं बॅरल, म्हणजे दाणा वितळवणारी नळी, दोनशेच्या वर ठेवतात. सगळी उष्णता हीटरचीही नसते. आत फिरणारा स्क्रू दाणा रगडतो, त्या घर्षणातूनही बरीच येते. नायलॉन असेल तर दाणा आधी सुकवायलाच हवा. पावसाळ्यात उघड्या पोत्यातला नायलॉन थेट मशीनला घातला, की नगावर चंदेरी रेघा उमटतात.

आता हा नग जवळून पाहा. काचतंतू मिसळलेलं नायलॉन, मधोमध भोक. साच्यात भोकाच्या जागी पिन असते. वितळलेला माल पिनेच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि पलीकडे पुन्हा भेटतो. भेटतो, पण पुरता सांधत नाही. तंतू त्या रेषेला समांतर पडून राहतात, ती ओलांडत नाहीत. हीच वेल्ड लाइन. ताण दिला की नग बहुधा इथेच तुटतो. माल उत्तम, कागदावरचे आकडे उत्तम, तरीही. पदार्थाची ताकद दाण्यात अर्धीच असते, उरलेली साच्यात ठरते.

(दृश्य : काचेची मॅट, ब्रश, रोलर)

कंपोझिटमध्ये, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनणाऱ्या पदार्थात, तर पदार्थ आणि वस्तू एकाच वेळी तयार होतात. पॉलिएस्टर रेझिन या पातळ चिकट द्रवात आधी घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट नीट मिसळायचं, घट्ट करणारा हार्डनर अगदी शेवटी. विद्यार्थिनीने दोन्ही बाटल्या एकदम उचलल्या, तसे प्रयोगशाळेतले काका पुढे झाले.

"ताई, एक बाटली खाली ठेवा. ही दोन थेट एकत्र आली तर भडका उडतो."

रेझिन टाकलं, की पांढरी मॅट हळूहळू पारदर्शक होते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा अडकली. रोलर फिरवून ती काठापर्यंत ढकलायची, तीही रेझिन घट्ट व्हायच्या आत. कपात उरलेलं रेझिन तोवर हाताला चटका देईल इतकं तापतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी कापून वाकवतात. तुटण्याआधी बारीक कडकड ऐकू येते : कुठे रेझिन तडकतं, कुठे तंतू सुटतो. वर्गात काढलेल्या ताणाच्या आलेखाचा खरा अर्थ इथे कळतो. म्हणूनच मुलांना व्याख्या घोकण्यापेक्षा मशीनवरचे तास जास्त मिळायला हवेत, असं आम्हांला मनापासून वाटतं.

(दृश्य : कापलेल्या पट्ट्यांचा ढीग)

पॉलिप्रोपिलीनचा बिघडलेला नग दळून पुन्हा वितळवता येतो. या पट्ट्यांचं तसं नाही. हे पॉलिएस्टर एकदा जमलं की वितळत नाही. फार तर तुकडे भुकटी करून भराव म्हणून वापरायचे. यातला तंतू धडधाकट परत कसा मिळवायचा, यावर जगभर काम चालू आहे आणि या वर्गातल्या मुलांनाही त्यात पुष्कळ करण्यासारखं आहे.