एक ते चार प्रेस्टनचे, पाचपासून बेल्जियमचे

(दृश्य: कारशेडमधला अंधार. टॉर्चच्या उजेडात डब्याची लाकडी बाजू. त्यावर रंगवलेला आकडा.)

आधी हा आकडा बघून घ्या. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्यूनस आयर्सच्या भुयारी रेल्वेच्या ‘ए’ मार्गावर, लाकडी डब्याचं जन्मगाव आकड्यावरून कळतं. एक ते चार असेल तर डबा इंग्लंडमधल्या प्रेस्टनचा, युनायटेड इलेक्ट्रिक कार कंपनीचा. पाच किंवा त्यापुढचा असेल तर बेल्जियममधल्या ब्रुज गावचा, ला ब्रुझ्वाझ कारखान्याचा. प्रेस्टनचे चारच आले. ब्रुजहून शंभराच्या वर आले, आणि पुढे या मार्गाची ओळख त्यांचीच झाली.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. प्लासा दे मायो, टोप्या घातलेली गर्दी.)

१ डिसेंबर १९१३. अँग्लो-अर्जेंटाइन ट्रामवेज कंपनीने प्लासा दे मायो ते प्लासा मिसेरेरे हा मार्ग सुरू केला. लॅटिन अमेरिकेतली ही पहिली भुयारी रेल्वे. आपल्याकडे व्हीटीहून कुर्ल्याला विजेची पहिली लोकल सुटायला तेव्हा अजून अकरा वर्षं आणि दोन महिने होते.

कंपनीच्या नावात ट्राम आहे, आणि डब्यातही ती होती.

(दृश्य: मूळ डब्याचं चित्र. कॅमेरा एका टोकाकडून मध्याकडे.)

इथे टोकाला बघा. खाली उतरलेला सज्जा, त्याला पायरी. ही रस्त्यावरच्या प्रवाशासाठी. आणि हे मधलं दार उंचावर, ते भुयारातल्या फलाटासाठी. १९१४ मध्ये मार्ग आजच्या प्रिमेरा हुंता स्टेशनापर्यंत पोचला आणि पुढच्याच वर्षापासून काही गाड्या तिथून चढण चढून वर उजेडात येऊ लागल्या. मग रिवादाविया रस्त्याने, घोडागाड्या आणि मोटारींच्या गर्दीतून, सरळ ट्रामसारख्या पुढे. अर्धा प्रवास जमिनीखाली, अर्धा दुकानांच्या पाट्या वाचत. डबा बदलायची गरज नाही. ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांना आम्ही मनापासून मानतो.

१९२६ सरताना रस्त्यावरची धाव बंद झाली. मग डब्यांची कापाकापी सुरू झाली. सज्जे गेले, पायऱ्या गेल्या, सगळी दारं फलाटाच्या उंचीला आली. म्हणून १९१३ च्या फोटोतला डबा आणि हा समोरचा डबा यांचा चेहरा जुळत नाही. जुने फोटो घेऊन बसणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

(दृश्य: डब्याचं आतलं अंग. कॅमेरा सावकाश फिरतो.)

लाकडी पट्ट्यांची बाकं. कडांना पैलू पाडलेले आरसे. ट्यूलिपच्या फुलासारख्या काचेच्या कळ्यांतले दिवे, चालत्या गाडीत मधूनच लुकलुकणारे. आणि हे दार. गाडी थांबली की प्रवाशाने हात घालून स्वतः उघडायचं. मुठीपाशी लाकूड बघा, किती गुळगुळीत झालंय. हे पॉलिशने होत नाही.

गाडी वळणावर आली की सगळं लाकूड एकदम कुरकुरतं. ऐका.

(निवेदन नाही. फक्त गाडीचा आवाज, वीस सेकंद.)

(दृश्य: शेवटच्या दिवसाची गर्दी. फलाटावर उंचावलेले मोबाइल.)

११ जानेवारी २०१३. रोजच्या सेवेतला शेवटचा दिवस. शंभरी भरायला वर्षही उरलं नव्हतं. मार्ग ८ मार्चपर्यंत बंद राहिला, लोकांचे हाल झाले, मग चीनमध्ये बांधलेल्या वातानुकूलित गाड्या आल्या. त्याच वर्षी शहराच्या विधिमंडळाने जुन्या डब्यांना सांस्कृतिक वारशाचं संरक्षण दिलं.

(दृश्य: काबाशितो भागातलं पोल्वोरिन कारशेड. कामगाराचे हात, पॉलिश पेपर, लाकडाचा भुसा.)

पण संरक्षण कागदावर मिळालं म्हणून डबा धावत नाही. नव्या गाड्यांसाठी मार्गावरचा दाब ११०० व्होल्टवरून १५०० वर गेला. जुना डबा तसाच तारेखाली आणून चालणार नव्हता, त्याची विजेची जोडणी नव्या दाबाला सोसेल अशी करावी लागली. एकेका डब्यामागे हे काम. वरून जुन्या रंगाचे थर खरवडायचे, खालचं लाकूड बघायचं, कुजलेली पट्टी काढून तशीच नवी बसवायची. संग्रहालयात दोरी लावून उभा केलेला डबा आम्हाला पुरत नाही. तो तारेखाली धावला पाहिजे, त्याच्या दारात कुणीतरी हात घातला पाहिजे. इथली माणसं तेवढ्यासाठी झटतायत.

प्रेस्टनच्या चारांपैकी दोन आज शिल्लक आहेत. दोन्ही याच लोकांनी दुरुस्त केलेत.

(दृश्य: भुयार. लांबून दोन दिवे जवळ येतात. पुढची काच, मग डब्याची बाजू.)

ही वारसा-फेरीची गाडी. फलाटावर नवी मुलं, त्यांना दार आपोआप उघडेल असं वाटतंय.

(गाडी थांबते. आकडा पडदाभर. एक हात मुठीकडे जातो.)