सगळ्यात जवळचा तो शेजारी नव्हे! नेबर-जॉइनिंग नीट समजून घेऊ

नमस्कार मंडळी. नेबर-जॉइनिंग म्हणजे प्रजातींमधल्या अंतरांच्या तक्त्यावरून त्यांचा वंशवृक्ष, म्हणजे झाड, काढायची पद्धत. बेडकांच्या झाडाच्या माझ्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय (अ, ब, क म्हणजे प्रजाती): "सर, तक्त्यात सगळ्यात लहान अंतर अ आणि कचं, मग प्रोग्रामनं अ-ब का जोडले? बग आहे काय?" बग नाही हो!

सुरुवातीचं पटकन उरकतो. प्रजातींचे डीएनए सीक्वेन्स ओळीत लावले, दोन-दोनमधला फरक मोजला, एकाच जागी पुन्हा पुन्हा झालेले बदल धरून दुरुस्ती केली. ज्यूक्स-कँटर या दुरुस्तीच्या सूत्रानं 30 टक्के फरकाचं अंतर साधारण 0.38 होतं. झाला तक्ता.

आता खरी गोम. आमच्या फोंड्याकडच्या एखाद्या वाड्यावर दोन तिठे आहेत असं धरा. तिठ्यांमधलं अंतर 1. पहिल्या तिठ्यावरून अ आणि बच्या वाटा फुटतात, दुसऱ्यावरून क आणि डच्या. अ आणि कची घरं तिठ्यापासून 1 वर, ब आणि डची पार आत, 4 वर. मोजा: अ ते क 3, अ ते ब 5. जवळ क, पण तिठा एक आहे तो अ आणि बचा! झाडात शेजारी म्हणजे एका तिठ्यावरचे. ब आणि डच्या वंशात बदल भराभर झाले, म्हणून ते लांब दिसतात, इतकंच.

नाही पटलं? बेरजा करा. चौघांच्या जोड्या तीनच प्रकारे लागतात. अब अधिक कड: 5 अधिक 5, दहा. अक अधिक बड: 3 अधिक 9, बारा. अड अधिक बक: 6 अधिक 6, बारा. दोन मोठ्या बेरजा सारख्या, एक लहान. लहान बेरीज सांगते शेजारी कोण, आणि फरकाचं निम्मं, म्हणजे 1, ही मधली फांदी. यालाच चार बिंदूंची अट म्हणतात. एकटा 3 बघून यातलं काहीच कळत नाही.



सैतोउ आणि नेई या संशोधकांची 1987 ची पद्धत, म्हणजेच नेबर-जॉइनिंग, हेच करते. दोघांमधलं अंतर घ्या, प्रजातींच्या संख्येतून दोन वजा करून त्यानं गुणा, मग तक्त्यातल्या दोघांच्याही ओळींच्या बेरजा वजा करा. अबला येतं उणे 24, अकला उणे 22. लहान कोण? अब! जो सगळ्यांपासूनच लांब आहे, त्याला त्या लांबीची सूट मिळते. नुसतं किमान अंतर जोडत जाणारी पद्धत वेगळी, यूपीजीएमए. ती सगळ्यांचं घड्याळ एकाच वेगानं चालतं, म्हणजे सगळ्या वंशांत बदल सारख्याच वेगानं होतात, असं गृहीत धरते. नोट्समध्ये दोन्ही एका पानावर कोंबतात आणि मग मला रात्री अकराला मेसेज येतात. "गणित नको, बटण सांगा" म्हणणाऱ्यांनो, बटणं दोन्ही पद्धतींची शेजारीशेजारीच असतात!

आता भूमिती. चार प्रजातींची अंतरं सहा, म्हणजे तुमचा तक्ता सहा मितींमधला एक बिंदू. झाडाला फांद्या मात्र पाच. म्हणून प्रत्येक झाडाच्या वाट्याला पाच मितींचाच तुकडा येतो. तीन झाडं, तीन तुकडे, आणि मधली फांदी शून्य झाली की तिन्ही एकमेकांना मिळतात. खऱ्या डेटाचा बिंदू यातल्या कशावरच नेमका बसत नाही, आसपास कुठेतरी पडतो. तो कुणाच्या हद्दीत गेला, हे सूत्र ठरवतं.

अटेसन या संशोधकानं 1999 मध्ये सिद्ध केलेली हमी अशी: तक्त्यातली प्रत्येक चूक सगळ्यात आखूड आतल्या फांदीच्या निम्म्याहून कमी असेल, तर नेबर-जॉइनिंग झाडाचा आकार बरोबरच देतं. आपल्या उदाहरणात ती फांदी 1, म्हणजे प्रत्येक आकडा 0.5 च्या आत हलला तरी अब शाबूत. तीच फांदी 0.01 असेल तर प्रोग्रामला शिव्या देऊ नका, सीक्वेन्स लांब घ्या, म्हणजे अंतरांतली चूक कमी होईल.