परतीचे बाण

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘रॅस-रॅफ-मेक-ईआरके मार्ग आणि त्यावरची औषधं’. हा मार्ग म्हणजे पेशीला वाढीचा निरोप आत पोहोचवणारी चार प्रथिनांची साखळी. औषधांकडे येतोच, पण आधी एका चित्राबद्दल बोलायचंय. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, निम्म्यांनी तरी परीक्षेत काढलंय. वर पेशीच्या पटलात रिसेप्टर (बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन), खाली रॅस, त्याखाली रॅफ, मग मेक, मग ईआरके, आणि तळाला केंद्रक. सगळे बाण खाली तोंड करून उभे. चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. आणि उरलेलं अर्धं न काढल्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे, म्हणून हा माझा राग जुना आणि पक्का आहे.

खाली जाणारे बाण पटकन सांगतो. वाढीचा घटक रिसेप्टरला चिकटला की रॅसवरचा जीडीपी हा रेणू सुटतो, त्या जागी जीटीपी बसतो आणि रॅस जागा होतो. जागा झालेला रॅस रॅफला पटलाशी ओढतो, तिथे दोन रॅफची जोडी जमते. जोडी मेकवर फॉस्फेट लावते, मेक ईआरकेवर. ईआरके केंद्रकात शिरून पेशीला विभाजनाचा हुकूम देतो.

आता न काढलेले बाण. हाच ईआरके उलटा वर वळतो. रॅफवर फॉस्फेट लावून त्याला थोपवतो, रॅसला जागं करणाऱ्या सॉसला ढिला करतो, शिवाय स्प्राउटी आणि ड्यूस्प नावाच्या लगाम घालणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतो. टाकी भरत आली की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो, तसंच हे. म्हणजे ज्या पेशीत ईआरके जोरात चाललाय, तिथे वरचा रिसेप्टर दाबलेला असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

२००२ साली कॅन्सरमध्ये बी-रॅफमधला (हा रॅफचाच एक प्रकार) बदल सापडला. जनुकात १७९९व्या जागी टी या डीएनए-अक्षराऐवजी ए, त्यामुळे प्रथिनात ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल. (सुरुवातीच्या लेखांत हाच बदल ५९९ म्हणून दिसेल. क्रम मोजताना एक जागा सुटली होती, नंतर दुरुस्त झाली. जुनं वाचताना हे दोन वेगळे बदल समजू नका.) त्वचेच्या मेलॅनोमांपैकी (रंगपेशींचा कॅन्सर) जवळपास निम्म्यांत बी-रॅफ बदललेला असतो, आणि त्यात हाच बदल, थोडक्यात व्ही६००ई, सर्वांत जास्त. या बी-रॅफला ना रॅस लागतो, ना जोडीदार. एकटाच चालतो, आणि फ्लोटलाही जुमानत नाही.

ऑगस्ट २०११मध्ये अमेरिकेत बदललेला बी-रॅफ अडवणाऱ्या व्हेमुराफेनिबला मान्यता मिळाली. २४० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या सकाळी, चार संध्याकाळी. मोठ्या चाचणीत ४८ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. तुलनेतल्या डाकार्बाझिन या जुन्या केमोने ५ टक्के. पसरलेल्या मेलॅनोमात असं काही त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. पण काही आठवड्यांतच अनेकांच्या त्वचेवर नव्याच गाठी उगवल्या, स्क्वॅमस कार्सिनोमा या त्वचेच्याच दुसऱ्या कॅन्सरच्या. गाठ आकसवणारं औषध दुसरी गाठ उगवतं कसं?

इथे थोडं थांबू या, कारण सगळी मेख इथे आहे. उन्हाने भाजलेल्या त्वचेत काही पेशींचा रॅस आधीच बिघडलेला असतो, बी-रॅफ मात्र धड. तिथे रॅफ जोडीनेच काम करतो. औषध जोडीतल्या एका रॅफच्या एटीपीच्या (पेशीच्या इंधन-रेणूच्या) खाचेत बसलं की तो बंद पडतो, पण त्याचा आकार असा बदलतो की शेजारचा रिकामा रॅफ अधिकच चालू होतो. आणि जोडीतला दुसरा भागीदार हे औषध सहजी घेत नाही. परिणाम असा, की मेलॅनोमाच्या पेशीत ईआरके पडतो, त्वचेच्या पेशीत चढतो. एकच गोळी, एकच रुग्ण. हे यंत्र २०१०मध्येच, म्हणजे मान्यतेच्या आधी, तीन गटांनी दाखवलं होतं. पुढे त्या गाठी तपासल्या तर बऱ्याच गाठींत रॅसचे बदल मिळाले. उपाय त्यातूनच निघाला: एक पायरी खाली मेकही अडवायचा. जोडऔषध दिल्यावर त्वचेच्या गाठी कमी झाल्या आणि आराम टिकला जास्त दिवस.

आता आतडं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरात साधारण आठ-दहा जणांत हाच व्ही६००ई असतो. अक्षर न अक्षर तोच. सरळ बाणांच्या चित्रावर विश्वास ठेवला तर तेच औषध तिथेही चालायला हवं. दिलं. जेमतेम शंभरात पाच जणांना गुण आला. कारण २०१२मध्ये कळलं. ईआरके पडला की ईजीएफआर या रिसेप्टरवरचा दाब उठतो, तो दुसऱ्या रॅफमार्फत रस्ता पुन्हा उघडतो. आतड्याच्या पेशीत ईजीएफआर भरपूर, मेलॅनोमात तो जवळपास नसतोच. म्हणून गोळी एक असूनही एका ठिकाणी गुण, दुसऱ्या ठिकाणी जवळपास शून्य. त्यावर तोड म्हणजे वरचा रिसेप्टरही धरणं: बी-रॅफ अडवणारं एन्कोराफेनिब ३०० मिलिग्रॅम रोज, सोबत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब शिरेतून. २०२०मध्ये त्याला मान्यता मिळाली. २०२२मध्ये डाब्राफेनिब (बी-रॅफवर) आणि ट्रामेटिनिब (मेकवर) ही जोडी अवयव न बघता व्ही६००ई असलेल्या घट्ट गाठींना मंजूर झाली, पण मान्यतेत आतड्याचा कॅन्सर नाव घेऊन वगळला. परतीचा बाण कायद्याच्या कागदावर आला तो असा.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, तर ‘औषधं’ हा छापलेला भाग आता भराभर.

तपासणी: रिपोर्टवर नुसतं ‘बी-रॅफ पॉझिटिव्ह’ असेल तर परत पाठवा, नेमका बदल मागा. व्हीई१ अँटिबॉडी (गाठीच्या तुकड्यावर लावायचं रंगकाम) फक्त व्ही६००ई रंगवते, त्याच जागचा दुसरा बदल व्ही६००के सुटतो. काळ्या गाठीतलं मेलॅनिन (काळा रंग) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून होणारी तपासणी, अडवतं. हाडाचा तुकडा आम्लात मऊ केला असेल तर डीएनए गेला, दुसरा तुकडा घ्या. ६००च्या बाहेरचे बदल बहुतेक जोडीने चालतात, त्यांच्यावर ही औषधं देऊ नका.

मात्रा: डाब्राफेनिब १५० मिलिग्रॅम बारा-बारा तासांनी, ट्रामेटिनिब २ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, दोन्ही जेवणाआधी किमान एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. ताप निम्म्याहून अधिक जणांना येतो. ३८ अंशांवर गेला की दोन्ही थांबवा, एकच नाही. चोवीस तास ताप नसेल तर पुन्हा सुरू करा. जंतुसंसर्ग नाही ना, हे मात्र बघाच. सुरुवातीला, महिन्याने आणि मग दोन-तीन महिन्यांनी हृदयाचा इको. नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर, मेक अडवल्याने रेटिनाखाली पाणी साठू शकतं.

आजार परत आला, तर बहुतेक वेळा हाच मार्ग दुसऱ्या दाराने उघडलेला असतो: रॅसमध्ये नवा बदल, बी-रॅफच्या प्रती वाढणं, किंवा त्याचं आखूड रूप जे पुन्हा जोडी जमवतं. शक्य असेल तर नव्या गाठीची बायोप्सी घ्या, जुन्या रिपोर्टवर पुढचं ठरवू नका. आणि मेलॅनोमात क्रमही महत्त्वाचा: रुग्णाची तब्येत थांबू देत असेल तर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारे उपचार) आधी. त्या क्रमाने दोन वर्षांनी जवळपास ७२ टक्के रुग्ण हयात होते, उलट्या क्रमाने सुमारे ५२. गाठ झपाट्याने वाढत असेल आणि उद्याचा भरवसा नसेल, तर मात्र गोळ्यांपासूनच सुरुवात करा.