एका लायसन्सवर सगळ्या गाड्या

दृश्य: सकाळ. ट्रॅकवर छोटी हॅचबॅक '8' काढते आहे.

पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीचा हा टेस्ट ट्रॅक. '8' काढायचा, 'एच' काढायचा, चढावर गाडी मागे न घसरू देता पुढे न्यायची. पास झालात की लायसन्सवर तीन अक्षरं येतात, एलएमव्ही, म्हणजे लाइट मोटर व्हेइकल, हलकं वाहन. त्या अक्षरांना हॉर्सपॉवर कळत नाही. आज या गाडीवर पास झालेला पोरगा उद्या सहाशे हॉर्सपॉवरच्या गाडीत बसला, तर कायदा त्याला अडवत नाही.

दृश्य: अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय, अगदी जवळून.

आता हा पाय बघा. छोट्या गाडीत तो जरा जास्त दाबला गेला, तर इंजिन नुसतं ओरडतं. वेग पकडेपर्यंत चूक सावरता येते. लॅम्बोर्गिनी हुराकानमध्ये सीटच्या पाठीमागे 5.2 लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन असतं. शून्यावरून शंभरवर ती साधारण तीन सेकंदांत जाते. अशा गाडीत वळणावर पाय बोटभर जास्त गेला, की मागची चाकं पकड सोडू शकतात. नवखा माणूस घाबरून पाय झटकन उचलतो, आणि तिथेच घात होतो. गाडीचा भार पुढे येतो, मागची बाजू हलकी होऊन फिरायला लागते. तो स्टिअरिंग उलटं फिरवतो, तेही गरजेपेक्षा जास्त. चाकांना पकड परत मिळते आणि गाडी दुसऱ्याच बाजूला फेकली जाते. हे सगळं एका श्वासात.

जून 2019. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये एक हुराकान रस्ता सोडून रेस्टॉरंटवर आदळली. बाहेर असलेली 15 वर्षांची मुलगी गेली. धोकादायक ड्रायव्हिंगच्या आरोपातून चालक सुटला. पुरेशी काळजी घेतली नाही, एवढंच त्याने कबूल केलं. मुलीच्या आईवडिलांनी मात्र कायदा बदलण्यासाठीचा पाठपुरावा सोडला नाही. 1 डिसेंबर 2024 पासून दक्षिण ऑस्ट्रेलियात, वजनाच्या दर टनामागे 276 किलोवॉट (सुमारे 370 हॉर्सपॉवर) किंवा त्याहून जास्त ताकदीच्या गाडीला वेगळं 'यू' वर्गाचं लायसन्स लागतं. त्यासाठीचा कोर्स ऑनलाइन आहे. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण घसरती गाडी पडद्यावर शिकता येत नाही. पण निदान तिथे विचारलं तरी जातं.

आपल्याकडे 19 मे 2024 ची पहाट. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत बाइकवरचे तरुण-तरुणी गेले. दोघंही इंजिनिअर, दोघंही 24 वर्षांचे. गाडी चालवल्याचा आरोप 17 वर्षांच्या मुलावर आहे. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, ही तरतूद 2019 पासून कायद्यात आहे. पण मुलगा अठराचा झाला, लायसन्स हाती आलं, की गाडी किती ताकदीची हे कुणीच विचारत नाही.

दृश्य: पुन्हा ट्रॅक. चढ.

पुढचा उमेदवार हाफ क्लचवर गाडी धरून उभा आहे. पाय थरथरतोय. क्लच पटकन सुटतो. गाडी एक गचका देते, इंजिन बंद पडतं. तो पुन्हा चावी फिरवतो.