उचललेलं शहर, उलटी फिरवलेली नदी

शिकागो म्हटलं की आपल्याला १८९३ची सर्वधर्म परिषद आठवते, गगनचुंबी इमारती आठवतात. मी आज बोलणार आहे ते तिथल्या चिखलाबद्दल आणि गटारांबद्दल. कारण या शहराचा खरा पराक्रम जमिनीखाली आहे, असं माझं ठाम मत आहे.

मिशिगन सरोवराच्या काठची ही जमीन सपाट आणि दलदलीची. पाण्याला उतारच नाही. पावसाळी दिवसांत रस्त्यात गाड्या रुतायच्या, मैला साचून राहायचा. १८५४मध्ये पटकीची साथ आली आणि शहरातली शेकडा पाच-सहा माणसं गेली. मग एलिस चेझब्रो या इंजिनियरला बोलावलं गेलं. त्याने सांगितलं, गटारं खाली खोदता येत नाहीत ना? मग ती जमिनीवरच टाका, त्यावर भर घाला आणि सगळं शहरच वर घ्या!

आणि लोकांनी ते केलं. १८६० सालचं लेक स्ट्रीटवरचं काम पाहा. एका रांगेतल्या विटा-दगडांच्या इमारती, सगळी रांग सुमारे ३२० फूट लांब. पायाखाली सहा हजार जॅक बसवले, सहाशे माणसं उभी केली. इशारा झाला की सगळ्यांनी एकदम जॅक फिरवायचे. पाच दिवसांत अख्खी रांग ४ फूट ८ इंच वर आली, आणि तेवढ्या दिवसांत दुकानं चालूच होती. पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाउस हे हॉटेल उचललं, तेही आत पाहुणे राहत असताना. या धंद्यात जॉर्ज पुलमन नावाचा तरुणही होता. पुढे रेल्वेच्या स्लीपर डब्यांमुळे जगाला ठाऊक झाला तोच हा.  

गटारं झाली, पण ती जायची नदीत, नदी सरोवरात, आणि पिण्याचं पाणीही सरोवराचंच! आधी सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खणून दूरचं पाणी आणलं. तेही पुरेना. शेवटी २८ मैलांचा कालवा खोदला आणि जानेवारी १९००मध्ये शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. सरोवराकडे जाणारी नदी मिसिसिपीच्या दिशेने वाहू लागली.

शिकागोचं पाणी सुधारलं, पण घाण निघाली खालच्या, मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहराकडे. मिसूरी राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. या घाणीमुळेच आमच्याकडे विषमज्वर वाढला, हे मिसूरीला सिद्ध करता आलं नाही आणि १९०६मध्ये दावा फेटाळला गेला. मला हा निकाल आजही खटकतो. नदी उलटी वाहत राहिली; सांडपाणी शुद्ध करणारी मोठी केंद्रं शिकागोने त्यानंतरच्या दशकांत उभारली.